वडिलांच्या ट्रंकेत सापडलेला हातोडा : आलापल्लीच्या कुपातली जुनी माणसं, गाड्या, हत्ती

अहेरीचा_पोट्टा
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांची ट्रंक उघडायची कोणाची हिंमतच होत नव्हती, शेवटी परवा आईनंच कुलूप काढलं. आत दोन स्वेटर, रेशन कार्डाच्या झेरॉक्सा, हजेरीचं एक रजिस्टर जे वाळवीनं अर्धं खाल्लंय, आणि एकदम तळाला धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला लोखंडी हातोडा. घरातला खिळे ठोकायचा नाही. एका बाजूला छोट्या कुऱ्हाडीसारखं पातं, दुसऱ्या बाजूला गोल तोंड, जुन्या रुपयाएवढं, त्यावर "स" कोरलाय आणि खाली ६. दांडा इतका गुळगुळीत झालाय की हातातून सटकतो.

बाबा १९६८ च्या आसपास कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लागले, जंगल कामगार सोसायटीत, आलापल्ली ते पेरमिली त्या पट्ट्यात. आधी मजूर, मग मेट, म्हणजे टोळीचा मुकादम. १९८९ ला सोडलं. दिवाळी झाली की जायचे ते रोहिणी लागायच्या आधी यायचे, त्यामुळे मला ते फक्त पावसाळ्यात असलेले आठवतात, आणि घरी असले की झोपलेले. जंगलातलं काही सांगायचे नाहीत. विचारलं तर "काय सांगाचं गा, झाडं होती" एवढंच.

तर हा हातोडा काय आहे कोणी सांगेल का? आणि त्या काळात कूप, डेपो, सॉ मिल, ट्रक, हत्ती, कशावरही काम केलेलं कोणी असेल किंवा घरात कोणी असेल तर लिहा ना. गेलेल्यांबद्दल पण लिहा. फक्त पूर्ण नावं नको, घरचे वाचत असतील, त्यांना विचारलेलं नाही.

झाडीपट्टीचा_वाचक
शनिवार, रात्री १०:४०

वा भाऊ. बसलो बघा. माझे मामा बल्लारशाच्या डेपोत होते, त्यांना उद्या फोन करतो.

रेंजरची_लेक
शनिवार, रात्री ११:२५

तो मार्किंग हॅमर आहे. आमच्या घरी बाबांच्या ऑफिसच्या खोलीत कपाटात कुलपात असायचा, आम्हाला हात लावायची बंदी. तोडायचं झाड ठरलं की पात्यानं साल तासायची, एक खूण छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्यापाशी जमिनीलगत, आणि दोन्ही ठिकाणी हॅमर मारायचा. वरची खूण झाडासोबत जाते पण खालची खुंटावर राहते. नंतर तपासणीला कोणी आलं आणि खुंटावर ठसा नसला तर ती तोड चोरीची. म्हणून हॅमर हरवणं म्हणजे नोकरीवर गदा. बाबा दौऱ्यावर उशाखाली घेऊन झोपायचे असं आई सांगते.

म्हणूनच राग मानू नका पण विचारते, मेटच्या ट्रंकेत हॅमर कसा आला? सरकारी असेल तर तो जमा व्हायला हवा होता.

अहेरीचा_पोट्टा
शनिवार, रात्री ११:४८

ताई राग कशाचा. पण बाबा चोरी करणारे नव्हते हो. एवढंच सांगतो. झोप नाही येणार आता.

जव्हारचा_मास्तर
रविवार, सकाळी ७:०५

थांबा थांबा, घाई नको. हॅमर दोन तऱ्हेचे असत. एक खात्याचा. दुसरा मालकीचा. माल ज्याचा, तो ठेकेदार असो की सोसायटी, त्याला स्वतःची निशाणी वन खात्याकडे नोंदवावी लागे आणि प्रत्येक लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर ती मारल्याशिवाय माल कुपाबाहेर काढता येत नसे. नाक्यावर टीपी म्हणजे वाहतूक पास आणि ही निशाणी जुळवून बघत. आमच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सगळ्या सोसायट्यांकडे असे हॅमर होते. "स" म्हणजे सोसायटीच्या नावाचं पहिलं अक्षर असणार. तेव्हा तुमचे वडील निर्धास्त.

आता विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कारण नव्या पिढीला सोसायटी म्हणजे फक्त बिल्डिंगची वाटते. आधी कुपाचा लिलाव व्हायचा, ठेकेदार घ्यायचा आणि आदिवासी त्याच्याकडे राबायचा, खावटीच्या कर्जात अडकून फुकटात सुद्धा. १९४५ चा वारल्यांचा उठाव झाला त्यात गवत आणि जंगलाच्या कामाची मजुरी हा मोठा मुद्दा होता. मग १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मजुरांच्याच सहकारी सोसायट्या काढून त्यांना कूप द्यायला सुरुवात केली. पुढे हे विदर्भातही आलं. सगळ्या सोसायट्या चांगल्या चालल्या असं म्हणणार नाही, काही ठिकाणी जुना ठेकेदारच टोपी बदलून चेअरमनच्या शेजारी बसला. पण माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा सही केली ती सोसायटीच्या सभासद रजिस्टरवर, हेही तितकंच खरं आहे.

कंपासपेटी
रविवार, सकाळी ९:३०

एक शंका. धागाकर्त्यानं लिहिलंय की हातोड्यावर "स" वाचता येतो. ठसा मारायच्या कुठल्याही वस्तूवर अक्षर उलटं कोरलेलं असतं, रबर स्टँप बघा. सरळ वाचता येत असेल तर लाकडावर उलटा उमटेल. म्हणजे एक तर हा हॅमर नाहीच, किंवा कोणीतरी नकली बनवलाय. इंजिनिअर आहे म्हणून खटकलं, बाकी काही नाही.

अहेरीचा_पोट्टा
रविवार, सकाळी ९:५१

आता पुन्हा काढून बघितला. सरळच आहे "स". ६ पण सरळ. 😐

स्टिअरिंगवाला_काका
रविवार, दुपारी १:१५

नकली बिकली काही नसते बापू, आमच्या वेळचे लोहार इंजिनिअर नव्हते.

मी बल्लारशा लाईनवर बत्तीस वर्षं गाडी चालवली. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, कोठारी, बल्लारशा. हा रस्ता डोळे झाकून सांगतो कुठं खड्डा होता, काही तर अजून तिथंच आहेत. आधी क्लिनर होतो, ज्या उस्तादाकडे होतो त्यांची गाडी लढाईनंतरच्या मिल्ट्री डिस्पोजलमधली होती, हँडल मारून चालू व्हायची आणि थंडीत हँडल असं उलटं फिरायचं की मनगट गेलंच समजा. नंतर त्यांनी टाटाची घेतली, ती तारा वाली, म्हणजे समोर मर्सिडीजचा तारा होता. १९६९ ला करार संपला आणि पुढच्या गाड्यांवर टी आला. उस्ताद टी वाल्यांशी बोलताना छाती पुढं काढायचे, जशी काही गाडी जर्मनीहून स्वतः चालवत आणली.

भराई कशी करायचे ते आज पोरांना सांगितलं तर हसतात. क्रेन नाही काही नाही. गाडीला दोन जाड बल्ल्या तिरप्या लावायच्या, लठ्ठ्याखालून दोन दोर घालून एक टोक गाडीला बांधायचं आणि दुसरं टोक वर उभ्या हमालांच्या हातात. ते ओढायचे आणि लठ्ठा स्वतःभोवती लोळत लोळत वर यायचा. "हैलेसा" तेलुगू लोकांचं, "हैशा" आपलं, आणि छत्तीसगडी पोरं तिसरंच काही म्हणायची, पण दम एकाच वेळी लागायचा. खाली दोघंजण दगड घेऊन तयार, लठ्ठा मागे सरकला की अटकण लावायची. ही अटकणवाली जागा सगळ्यात वाईट. एक पोरगा गेला आमच्यासमोर. दोर तुटला आणि त्याला बाजूला व्हायला जागाच नव्हती कारण मागं आधीच उतरवलेला माल होता. त्याच्या बापाला काय मिळालं ते लिहीत नाही, लाज वाटते.

उस्तादाची एक गोष्ट. माल भरून साखळ्या आवळल्या की ते टामी (लोखंडी दांडा) घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि प्रत्येक साखळीवर टण्ण करून मारायचे. ताणलेली साखळी खणखणते, ढिली असली की भद्द वाजते. एक भद्द वाजली की सगळं सोडून पुन्हा आवळायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असो. आम्ही शिव्या घालायचो मनात. पण त्यांच्या हयातीत त्यांच्या गाडीचा माल एकदाही सुटला नाही. २०११ ला गेले. शेवटी शेवटी मोतीबिंदूनं दिसत नव्हतं तर ढाब्यावर बसून उभ्या ट्रकच्या साखळ्या काठीनं वाजवायचे, नवे ड्रायव्हर म्हणायचे म्हातारा येडा झाला. एका पोरानं मात्र उतरून साखळी आवळली होती. मी बघितलं.

झाडीपट्टीचा_वाचक
रविवार, दुपारी २:०२

काका 🙏 रात्रीचे किस्से पण लिहा ना, "आतल्या लोकांचे" (नक्षलवाद्यांचे)

स्टिअरिंगवाला_काका
रविवार, दुपारी २:३०

त्यावर जास्त नाही लिहिणार. एवढंच सांगतो, ८० नंतर रात्री रस्त्यात झाड आडवं दिसलं की आधी उतरून बुंधा बघायचा. मुळासकट उपटलेलं असलं तर वाऱ्यानं पडलं, हळूहळू बाजूला करा. घाव दिसला तर लाईट बंद करून बसून राहायचं. लोकांच्या गाड्या जळाल्या. माझी नाही जळाली, का नाही जळाली ते मलाही माहीत नाही.

हिरवी_पायवाट
रविवार, दुपारी ४:४५

धागा इंटरेस्टिंग आहे पण कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते. शंभर दीडशे वर्षांची झाडं पाडली, आणि आता त्याच्या रम्य आठवणी? १९८० चा वन संवर्धन कायदा आला, १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला गोदावर्मन केसमध्ये देशभरची तोड आणि विनापरवाना आरा गिरण्या थांबवायचा आदेश द्यावा लागला, ते काय उगाच? ट्रकच्या साखळ्यांचं कौतुक ठीक आहे, त्या साखळ्यांच्या आत काय बांधलेलं होतं?

कंपासपेटी
रविवार, दुपारी ४:५८

+१

अहेरीचा_पोट्टा
रविवार, दुपारी ५:१०

ताई बाबांना रोजानं मिळायचे त्यात आम्ही चार भावंडं. जंगल कोणाच्या सहीनं तुटलं ते बघा ना, कुऱ्हाड कोणाच्या हातात होती ते काय बघता.

सॉमिल_नंबर_दोन
रविवार, संध्याकाळी ७:२०

हिरवी पायवाट यांचं म्हणणं अर्धं मान्य. सही त्यांची होती पण हात आमचे होते, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः पाहिलंय, मिश्र जंगल, त्यात बीजा, ऐन, धावडा, हलदू, शिवण, खाली बांबू, हे सगळं साफ करून सागाच्या सरळ रांगा लावल्या. कागदावर जंगलच राहिलं. पण त्या रांगांमध्ये पाखरू बोलत नव्हतं. एक गोष्ट मात्र सांगतो, मोहाच्या झाडाला माडिया मजूर हात लावायचे नाहीत. खूण असो नसो. एकदा नवीन आलेल्या साहेबानं जोर केला तर अख्खी टोळी कुऱ्हाडी खाली ठेवून बसली, दोन दिवस बसली. साहेबच परत गेला.

(वन विकास महामंडळ १९७४ ला झालं, त्यांची लागवड वेगळी, सोसायटीचे कूप वेगळे, सगळं एकाच टोपलीत टाकू नका प्लीज.)

बरं, मला खरं तर सॉ मिलबद्दल लिहायचं होतं. मिल कोणाची, कुठली ते लिहीत नाही, विदर्भातल्या निम्म्या मिलांसारखी एका कच्छी पटेल शेठची होती. मी तिथं अठराव्या वर्षी लागलो. मशीन म्हणजे मोठा बँड सॉ, दोन चाकं, एक वर एक खाली जमिनीत खड्ड्यात, आणि त्यावर फिरणारा पोलादी पट्टा. लठ्ठा ट्रॉलीवर. ट्रॉली पुढं ढकलली की पट्टा आत शिरायचा आणि एक वास यायचा, ओल्या सागाचा, थेट नव्या चामड्याच्या चपलेसारखा. आजही चपलेच्या दुकानात गेलो की मला मिल आठवते, बायको म्हणते हा माणूस चपला हुंगतो.

मिलमध्ये मालकापेक्षा मोठा माणूस एकच, डॉक्टर. खरंच डॉक्टर म्हणायचे, सॉ डॉक्टर, पट्ट्याचा डॉक्टर. सागाच्या लाकडात बारीक वाळूसारखं काहीतरी असतं, सिलिका, त्यामुळं दात फार लवकर बोथट होतात. दर काही तासांनी पट्टा उतरवायचा, डॉक्टरकडं द्यायचा. तो एकेका दाताला धार लावायचा, आणि एक दात किंचित डावीकडे एक उजवीकडे, ते सेटिंग. मग पट्टा टेबलावर ठेवून त्यावर पट्टी उभी धरायची आणि पलीकडे बल्ब. पट्टीखालून उजेड कुठं किती दिसतो त्यावरून ठरवायचा की पट्टा मध्ये किती ताणलेला आहे, आणि मग छोट्या हातोडीनं टुक टुक टुक. कधी कधी अर्धा तास टुक टुक. आम्हाला काही फरक दिसायचा नाही. पण त्याच्याकडून आलेला पट्टा चढवला की लाकूड लोण्यासारखं.

तो बहिरा होता, पूर्ण बहिरा, मिलमध्येच झालेला. तरी पट्टा चालू असताना ऑफिसच्या ओट्यावर बसून तो सांगायचा की तुटणार आहे, बंद करा. कसं कळायचं? ओट्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बसायचा. पायाला कळायचं त्याच्या.

ज्या दिवशी माझी बोटं गेली त्या दिवशी तो रजेवर होता. लाकडात आत खिळा होता, कोणीतरी कुंपणाची तार बांधायला कधीकाळी मारलेला, वरून साल भरून आलेली. पट्टा तुटून बाहेर आला. दोन बोटं उजव्या हाताची. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला, काही बोलला नाही, पोलादी डब्यात रव्याचे लाडू होते ते ठेवले. मिल बंद झाली तेव्हा तो बालाघाटला गावी गेला. गेला म्हणून कळलं पण कधी ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही, मग मी त्याचं वर्षश्राद्ध वगैरे काही नाही, सर्वपित्रीला एक पान वाढतो.

हिरवी_पायवाट
रविवार, रात्री ८:०५

माझा मुद्दा तोच आहे. पण मोहाचा प्रसंग आणि डॉक्टर, दोन्हीसाठी धन्यवाद. मी आलापल्लीपासून भामरागड रोडला जे ग्लोरी ऑफ आलापल्ली म्हणून राखलेलं जंगल आहे तिथं गेले होते, २०१४ ला त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलंय. तिथले साग मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय दिसत नाहीत. तुमच्यापैकी कोणी नातवंडांना घेऊन गेलंय का तिथं?

सॉमिल_नंबर_दोन
रविवार, रात्री ८:३१

गेलो होतो. मी सवयीनं मनातल्या मनात गोलाई मोजत होतो. खरं सांगतो.

कंपासपेटी
रविवार, रात्री ९:१०

गोलाईवरून आठवलं. लाकडाचं माप म्हणे गोलाईच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी असं काढतात. मी करून बघितलं. ३६ इंच गोलाई आणि १० फूट लांबी. चौथाई ९ इंच म्हणजे पाऊण फूट, वर्ग करून दहानं गुणलं की ५.६ घनफूट. पण खऱ्या भूमितीनं ते ७.१६ येतं! म्हणजे जवळजवळ २१ टक्के लाकूड मापातच गायब. हे मजुरांना माहीत होतं का?

झाडीपट्टीचा_वाचक
रविवार, रात्री ९:४४

मामांना फोन केला होता, हे त्यांनाच विचारलं. ते म्हणाले "माहीत होतं ना बे, सगळ्यांना माहीत होतं. गोल लाकूड चौकोनी करताना चार बाजूंनी फळ्या निघतात त्या फुकट जातात म्हणून ते माप. पण फुकट कुठं जाते? त्या साईडपट्ट्या विकल्याच जायच्या." नंतर घनमीटर आलं तरी सूत्र तेच राहिलं, आणि एका घनमीटरात ३५.३ घनफूट हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

अजून एक. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, पूजा, शोभायात्रा, सगळं टीव्हीवर. मामा सोफ्यावर बसून पूर्ण बघत होते. आम्हाला वाटलं भारावलेत. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "एकानंही गोलाई सांगितली नाही."

रेंजरची_लेक
रविवार, रात्री १०:००

😂😂 अगदी. आमचे बाबा पण लग्नाच्या हॉलमध्ये गेले की खांबाला वेढा घालून बघायचे.

वाड्यातली_तुळई
सोमवार, सकाळी ११:३०

पुण्यात आमचा वाडा पाडला तेव्हा तुळया निघाल्या, मजूर म्हणाले सागवान आहे, अजून शंभर वर्षं टिकलं असतं. एका तुळईच्या टोकावर असाच गोल ठसा होता, काय होतं वाचता आलं नाही. जुन्या बाजारात गेल्या त्या. आता वाटतं एक टोक कापून ठेवायला हवं होतं.

कमलापूर_रोड
सोमवार, दुपारी ३:५०

हत्ती राहिले की. माझे काका चाराकटर होते, म्हणजे महावताच्या हाताखालचा, चारा आणणारा. उतारावरून, नाल्यातून जिथं बंडी जात नाही तिथून लाकूड रस्त्यावर आणायचं काम हत्तींचं. उन्हं चढेपर्यंतच काम, दुपारी हत्ती पाण्यात. माणसाला ही सवलत नव्हती, काका म्हणायचे पुढच्या जन्मी हत्ती करा.

रात्री हत्तीला जंगलात मोकळं सोडायचे, पायाला लांब साखळी, ती जमिनीवर घासत जायची. पहाटे काका त्या घासलेल्या रेघेच्या मागं मागं जायचे. पावसाची एक सर आली की रेघ पुसली, मग बसा शोधत. एकदा तिसऱ्या दिवशी सापडली हत्तीण, ती शांतपणे एका जागी उभी होती आणि साखळी बांबूच्या बेटात अडकलेली. काकांना बघून तिनं सोंड वर केली नाही काही नाही, फक्त अडकलेला पाय उचलून दाखवला.

लाकडाचं काम संपलं आणि कमलापूरला कॅम्प राहिला. आता पर्यटक येतात. बसंती, मंगला, अजित ही नावं गडचिरोलीत लहान पोरांना पाठ. दर वर्षी थंडीत त्यांना सुट्टी असते, चोपिंग करतात, म्हणजे झाडपाल्याची औषधं उकळून त्याचा गरम लेप पायांना देतात म्हणजे तळवे फुटत नाहीत. मागं हे हत्ती गुजरातला न्यायची बातमी आली तेव्हा लोकांनी विरोध केला. काका तेव्हा अंथरुणावर होते. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, तिथं बांबू आहे का विचार.

त्याच उन्हाळ्यात गेले. आईनं सुतकातच त्यांचा अंकुश माळ्यावरून काढून घासून ठेवला. कशाला म्हटलं तर म्हणे गंजतो.

अहेरीचा_पोट्टा
सोमवार, रात्री ११:०२

सगळं आईला वाचून दाखवलं. ती मोठ्यानं हसली चपलेच्या ठिकाणी, खूप दिवसांनी. आणि ती म्हणते बाबांच्या कपड्यांना पण तोच वास असायचा, आठवड्यातून एकदा चुकारा (मजुरीचे पैसे) घेऊन कोणी गावाकडं येणारा असला की त्याच्यासोबत मळके कपडे यायचे ते ती लगेच धुवायची नाही.

लोकांनी हातोडा नकली म्हटलंय ते मात्र मी तिला वाचून नाही दाखवलं.

आजोबांची_टायपिस्ट
मंगळवार, संध्याकाळी ६:२०

नमस्कार, मी फक्त टाईप करतेय, बोलतायत आजोबा. वय ८१, बल्लारशाच्या डेपोत हमाली केली सगळं आयुष्य. मी त्यांना हा धागा काल दिवसभर वाचून दाखवला. ते जसं बोलले तसं लिहिते.

"त्या पोराले सांग, नकली नाही. ती उलट्या 'स' ची टोळी. डेपोत हजारो लठ्ठे पडलेले असत, कोणाचा माल कोणता ते तोंडावरच्या ठशावरून लावून लाट म्हणजे ढीग पाडायचे. सगळ्यांचे ठसे सरळ, एका सोसायटीचा उलटा. लांबून दिसायचा. आम्ही म्हणाचो, आला उलटा 'स'. त्यांचा माल चांगला असे, टोकं साफ कापलेली, फाटलेली नाही, म्हणून आम्हाला उचलायला बरा वाटे.

झालं काय का सोसायटी नवीन निघाली तेव्हा बाजारातल्या लोहाराकडून हॅमर करून घेतले. लोहार आकडे नेहमी करायचा, त्याले आकडे उलटे कोराची सवय. अक्षर त्यानं पहिल्यांदाच केलं, कागदावर लिहून दिलं होतं ते बघून जसंच्या तसं कोरलं. कोणाच्या ध्यानात नाही आलं. तसाच ठसा मारून वन खात्यात नोंदवला. मग चूक कळली. पण नोंद झाली उलट्याची, आता सरळ मारला तर तो बेकायदेशीर! मग काय, तसंच चाललं जितके दिवस सोसायटी चालली.

प्रत्येक टोळीचा नंबर खाली असे. त्याचा बाप मेट म्हणते ना, उंच, बारीक, मिशी नाही, विडी नाही ओढत पण दुसऱ्याची पेटवून द्यायचा? मालासोबत दोन तीनदा गाडीवर बसून आला होता. आमच्यातला एक जण तापानं पडला होता तर त्याच्या जागी दोराला लागला, मेट असून. तो तीन नंबरचा. ती टोळी तीन नंबर होती, त्यातले पाच जण मी ओळखत होतो, त्याचा बाप धरून आता सगळे गेले."

आजोबा विचारतायत, हातोड्यावर तीनच आहे ना खाली?

अहेरीचा_पोट्टा
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

आजोबांना नमस्कार सांगा. मिशी नव्हती. विडी नव्हती. सगळं बरोबर आहे हो. पण खाली ३ नाहीये, ६ आहे. मी धागा काढतानाच लिहिलं होतं. दुसरी टोळी असेल का?

कंपासपेटी
मंगळवार, संध्याकाळी ६:५२

भाऊ, ठसा मारून बघा. कशावरही. आत्ता.

अहेरीचा_पोट्टा
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

कपड्याच्या साबणाच्या वडीवर मारला. आईनंच मारला, मला म्हणाली तू जोरात मारशील.

"स" उलटा आलाय. खाली ३.